नळाचे एरेटर: अख्खा उन्हाळा वापरून झाल्यावर लिहितेय

आधीच सांगते, हे मी काही हौसेने घेतलेलं नाही. पाणी आधी एक दिवसाआड झालं, मग दोन दिवसाआड, आणि नेमकी तेव्हाच नणंद तिच्या दोन पोरांना घेऊन राहायला आली, म्हणजे दुष्काळात तेरावा महिना. एका रात्री नवऱ्याने मोबाइलवर काय काय वाचलं कोण जाणे, सकाळी म्हणाला चार एरेटर आणि एक कमी पाण्याचा शॉवर मागवलाय. कोणाला विचारलं? कोणालाच नाही. खोक्यावर मोठ्या अक्षरात "70 टक्के पाणी बचत". मी म्हटलं बघू.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, एरेटर म्हणजे नळाच्या तोंडाला फिरवून बसवायची छोटीशी बोंडी. आत जाळी असते, जाळीच्या मागे बारीक भोकांची चकती, आणि बऱ्याच मॉडेलमध्ये एक रबरी रिंग. पाण्याचा दाब वाढला की रिंग फुगून वाट अरुंद करते म्हणून दाब कितीही असला तरी पाणी साधारण तेवढंच येतं, आणि धारेत हवा मिसळते म्हणून कमी पाणी असून धार जाड दिसते. दिसते, असते नाही. यात 3 लिटरवाला, 6 लिटरवाला असे प्रकार, म्हणजे मिनिटाला तेवढं पाणी. अजून एक स्प्रेवाला असतो, त्यात धारच नसते, झारीसारखे फवारे.

बसवायला "दोन मिनिटांत, प्लंबरशिवाय" असं लिहिलंय. हो, नवीन नळ असेल तर. आमच्या बेसिनच्या नळाची जुनी जाळी क्षार बसून अशी चिकटली होती की हाताने हलेना, पान्याने फिरवायला गेलो तर क्रोमवर ओरखडा. शेवटी एका छोट्या प्लॅस्टिकच्या पिशवीत व्हिनेगर घालून ती पिशवी नळाच्या तोंडाला रबरबँडने बांधून रात्रभर ठेवली, सकाळी फडकं गुंडाळून फिरवली तर अलगद निघाली. आत चमचाभर वाळू होती हो. वाळू! त्याच नळाने आम्ही रोज चुळा भरत होतो.

दुसरी गोष्ट आटे. नळाच्या तोंडाला आटे बाहेरून असतील तर बहुतेक 22 मिलिमीटरचे, आतून असतील तर 24 चे, पट्टी लावून मोजा आणि मगच मागवा. आम्ही न मोजता मागवले, नशिबाने दोन्हीकडे चालेल असा जोड खोक्यात होता. त्यात एक रबरी वॉशर येतो, चपटा, काळा, शर्टाच्या बटणाएवढा. तो नवऱ्याच्या हातातून निसटला आणि बेसिनच्या भोकातून सरळ खाली. त्यामुळे काम सुरू करायच्या आधी भोकावर फडकं टाका, हे त्या खोक्यावर कुठेही लिहिलेलं नाही आणि सगळ्यात महत्त्वाचं तेच आहे. वॉशरशिवाय बसवला तर बोंडीच्या कडेने पाणी झिरपतं, मग टेफ्लॉन टेप गुंडाळा, तरी झिरपतंच, कारण तिथे पाणी अडवायचं काम वॉशरचं, आट्यांचं नाही.

आता खरं काम किती करतो ते. मी जरा मोजणारी बाई आहे, घरचे वैतागतात. बसवायच्या आधी एक लिटरचा मोजमाप केलेला जग आणि मोबाइलचं स्टॉपवॉच घेऊन बेसिनचा नळ पूर्ण उघडून मोजलं, 8 सेकंदांत जग भरला म्हणजे मिनिटाला साडेसात लिटर. एरेटर लावल्यावर तोच जग भरायला 30 सेकंद लागले, म्हणजे 2 लिटर. खोक्यावर लिहिलंय 3. मग 2 का? तर आम्ही सगळ्यात वरच्या मजल्यावर, टाकी आमच्या डोक्यावर जेमतेम चार मीटर. ढोबळ हिशोब असा की 10 मीटर उंची म्हणजे 1 बार दाब, आमच्याकडे 0.4. हे आकडे चांगल्या दाबाला मोजलेले असतात, उदाहरणार्थ अमेरिकेत वॉटरसेन्स नावाचं लेबल आहे त्यात बेसिनच्या नळाची मर्यादा मिनिटाला 5.7 लिटर आहे, पण ती 60 पीएसआय दाबाला, म्हणजे टाकी जवळपास 42 मीटर वर असावी लागेल. तेव्हा वरच्या मजल्यावर राहत असाल तर 3 चा घेऊ नका, 5 किंवा 6 चा घ्या, तो तुमच्याकडे आपोआप 3-4 चा होईल. खालच्या मजल्यावर किंवा प्रेशर पंप असेल तिथे 3 वाला मस्त चालतो, माझ्या बहिणीकडे लावलाय, तिला फरक कळतसुद्धा नाही म्हणते.

सासूबाईंची पहिली प्रतिक्रिया: "अगं ही काय धार म्हणायची? नुसतं फुसफुसतंय." मी म्हटलं आई, हात धुऊन तर बघा. धुतले, निघाला साबण. पण त्यांना चूळ भरायला ओंजळीत पाणी घ्यायची सवय, ती ओंजळ भरेपर्यंत तोंडातली पेस्ट वाळते असं त्यांचं म्हणणं, आणि खोटं नाही ते. शेवटी बेसिनवर एक छोटा पेला ठेवला. पेला भरून घ्यायचा आणि नळ बंद. गंमत म्हणजे पेल्याने चूळ भरायला लागल्यावर आईंना दात घासायला एकूण पाणी पाव लिटरच्या आसपास लागतं, एरेटर असो नाहीतर नसो.

तिथेच माझ्या डोक्यात किडा वळवळला. एरेटर पाणी वाचवतो कधी? नळ वाहता ठेवून तुम्ही काही करत असाल तेव्हाच. बादली भरायची असेल तर बादली बादलीएवढीच, फक्त चारपट वेळ. नवऱ्याने उत्साहाच्या भरात न्हाणीघरातल्या बादलीच्या नळालाही एक ठोकला होता, 18 लिटरची बादली भरायला 9 मिनिटं! सकाळी शाळेच्या घाईत. तिसऱ्या दिवशी मी तो काढून फेकला, म्हणजे ड्रॉवरमध्ये ठेवला. तिथे शून्य स्टार, एरेटरचा दोष नाही, बसवणाऱ्याचा.

बरं, 70 टक्क्यांचं काय? कागदावर बघा, हात धुताना 20 सेकंद नळ चालू राहिला तर आधी अडीच लिटर, आता पाऊण लिटरच्या आत. माणसं चार (नणंद गेल्यावर), दिवसाला प्रत्येकी आठ वेळा, म्हणजे 80 लिटरचे 21. वा. पण प्रत्यक्षात? बेसिनच्या खालचा पांढरा वळणदार पाइप भिंतीतून काढून एका बादलीत सोडला आणि आठवडाभर दिवसाला किती साठतं ते मोजलं, आधी एरेटर काढून आणि पुढच्या आठवड्यात लावून. काढून असताना सरासरी 46 लिटर, लावल्यावर 19. म्हणजे साठ टक्क्यांच्या खाली-वर. दिवसाला 27 लिटर. 80 चे 46 कसे झाले असं विचाराल तर साधं आहे, नळ पूर्ण कोणी उघडतच नाही हो, त्यात दुष्काळ आहे म्हटल्यावर अर्धाच. टक्केवाल्यांनी पूर्ण उघडा नळ धरलेला असतो. तरी 27 लिटर म्हणजे जवळपास दीड बादली, बटणाएवढ्या वस्तूने, कोणाला काही शिकवायला न लागता. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशोबाने माणसाच्या मूलभूत गरजांना दिवसाला 50 ते 100 लिटर लागतात, आणि 2018 च्या दुष्काळात केपटाउनमध्ये माणशी 50 लिटरची मर्यादाच घातली होती, त्या मापाने बघितलं तर 27 लिटर म्हणजे अर्ध्या माणसाचा दिवस.

पण थांबा, आता खरी गंमत.

ती पाइपखालची बादली. मोजायला ठेवली होती पण भरलेली बादली ओतून द्यायची जिवावर यायचं, म्हणून ते पाणी संडासात फ्लशऐवजी टाकायला लागलो. आमची फ्लशची टाकी जुनी, एका वेळी 9 लिटर जातात, बादलीने जरा उंचावरून एकदम ओतलं तर 5-6 लिटरमध्ये काम होतं. एरेटर नसलेल्या आठवड्यात 46 लिटर जमायचे म्हणजे आठेक वेळा फ्लशचं चांगलं पाणी वाचायचं. एरेटर लावल्यावर 19 लिटर, तीनच वेळा, बाकीच्या वेळा टाकीतलं चांगलं पाणी. म्हणजे बेसिनला जे वाचवलं ते संडासात घालवलं! मी हे नवऱ्याला कागदावर मांडून दाखवलं, तो बराच वेळ कागदाकडे बघत बसला आणि म्हणाला, "मग मी आणलं कशाला?" हेच तर मी पहिल्या दिवसापासून विचारत होते.

तर हा एक मुद्दा मला कुठल्याच रिव्ह्यूमध्ये दिसला नाही म्हणून इथे लिहितेय. वापरलेलं पाणी तुम्ही परत वापरत असाल तर त्या नळाला एरेटर लावून फार काही हाती लागत नाही. दोन्हीची बचत एकमेकांत मिळवू नका. बादल्या उचलायला घरात कोणी असेल तर बादली जास्त भारी, शिवाय तिला वॉशर लागत नाही. पण कंबर माझी दुखते, आणि आईंना तर बादली उचलू देत नाही, आणि हे साबणाचं पाणी दिवसापेक्षा जास्त ठेवलं की वास मारायला लागतं, वर पातळ सायीसारखा थर येतो, याक. म्हणून आता आमच्याकडे वाटणी अशी आहे की बाहेरच्या बेसिनला एरेटर, आणि बाथरूमच्या आतलं बेसिन जे संडासाच्या शेजारीच आहे तिथे एरेटर नाही, खाली बादली. चार पावलंसुद्धा चालावं लागत नाही.

स्वयंपाकघरातला वेगळा, मान हलणारा, दोन प्रकारे पाणी देणारा, एक बटण ढकललं की धार आणि एक ढकललं की फवारा. दिसायला छान. भाज्या धुवायला फवारा खरंच चांगला, पानांच्या घड्यांतली माती निघते, आणि भांड्यांचा साबण काढायलाही बरा. पण तेलकट भांड्याला फवारा म्हणजे नुसती गुदगुली. भांडी घासायला बाई असो की आपण, खरा फरक पडला तो टप ठेवल्याने. एका टपात साबणाचं पाणी, एकात साधं, शेवटी एक हात नळाखाली. आधी वाहत्या नळाखाली दहा मिनिटं म्हणजे 60-70 लिटर जायचे, टपात 20 च्या आत भागतं. मग त्या मान हलणाऱ्याला काय श्रेय द्यायचं? अडीच स्टार, तेही भाज्यांसाठी. त्याची मान महिन्याभरात ढिली झाली आणि आता बटण ढकललं की एक बारीक पिचकारी ओट्यावर येते, म्हणजे पाणी वाचवायची वस्तू ओटा धुते. विकणाऱ्याला कळवलं तर म्हणे वापरण्यात चूक असेल. नळ वापरण्यात चूक! असो.

शॉवरची कथा तर ऐकाच. साधा शॉवर आमच्याकडे मिनिटाला 11 लिटर, नवीन वाला 6. अंगावर फवारा बारीक आणि टोचरा, मला आवडला, नवऱ्याला नाही. पण आमचा गीझर गॅसचा, लगेच पेटणारा, आणि त्याला पेटायला आतून ठरावीक पाणी वाहावं लागतं, तेवढं वाहिलं नाही की तो विझतो. पहिल्याच दिवशी डोक्याला फेस लावलेला असताना नवरा आतून ओरडला, गार, गार! गरम-गार मिसळलं की गरम बाजूने दोन-अडीच लिटरच जातात आणि गीझर झोपतो. उपाय म्हणजे गीझरवरच आच कमी ठेवायची आणि शॉवर फक्त गरम बाजूने चालवायचा, तेव्हा चालतो. साठवणीचा गीझर असेल तर हा प्रश्न नाही. हे मात्र विकणाऱ्यांनी खोक्यावर ठळक छापायला हवं होतं.

आणि 6 लिटरचा झाला म्हणून काय, 8 मिनिटं उभं राहिलं की 48 लिटर. एका बादलीत अंघोळ 18 मध्ये होते. शॉवर कितीही शहाणा असला तरी बादलीशी त्याची बरोबरी नाही, हे मला आधीपासून माहीत होतं, आता मोजून माहीत आहे. मुलाला मात्र शॉवरच लागतो, त्याच्यासाठी ठेवलाय, आणि ओला हो, बंद कर, साबण लाव, चालू कर असा नियम केलाय. गरम पाणी येईपर्यंतचं गार पाणी बादलीत धरतो. अर्ध्या इंची पाइप 10 मीटर असला तरी त्यात जेमतेम दोन लिटरच मावतात पण पाइप स्वतः तापेपर्यंत अजून जातं, आमच्याकडे दर वेळी चारेक लिटर जमतात, एकदम स्वच्छ पाणी, कपड्यांच्या मशीनला चालतं.

आता देखभाल. हे कोणी सांगत नाही. पाणी रोज येत नसलं की रिकाम्या पाइपात बसलेला गाळ पाणी सोडल्यावर आधी येतो, आणि तो सगळा एरेटरच्या जाळीत अडकतो. आमच्याकडे तीन आठवड्यांत धार करंगळीएवढीसुद्धा राहिली नाही, आईंना वाटलं पाणी गेलं. काढा, जाळी उलटी करून मगमधल्या पाण्यात जुन्या टूथब्रशने घासा (नळाखाली नको, त्यात वाचवलेलं पाणी जातं), पांढरे क्षार असतील तर व्हिनेगरमध्ये तासभर टाका. चकत्या कुठल्या क्रमाने होत्या त्याचा आधी फोटो काढून ठेवा, मी काढला नव्हता आणि रबरी रिंग उलटी बसवली तर पाणी आधीपेक्षा जास्त यायला लागलं, दोन दिवस कोणाच्या लक्षातही आलं नाही.

याच मोजामोजीत एक फायदा झाला जो एरेटरच्या खात्यात टाकावा की नाही कळत नाही. सगळं मोजतोय तर फ्लशही बघू म्हणून रात्री झोपताना मुलाच्या रंगपेटीतला निळा रंग टाकीत कालवला आणि कोणी वापरू नका म्हटलं. पंधरा-वीस मिनिटांत भांड्यात निळी रेघ उतरली. म्हणजे टाकीच्या तळाचा रबर धरत नव्हता, गळती. मग टाकीत येणाऱ्या पाण्याचा कॉक बंद करून पातळीवर पेन्सिलची खूण केली, सकाळी पाणी 5 सेंटिमीटर खाली. टाकी 40 बाय 15, म्हणजे रात्रीत 3 लिटर, दिवसाचे 9, आवाज नाही, काही नाही, कोणी न वापरता. रबर बदलला, संपलं. आणि न्हाणीघरातला एक नळ सेकंदाला एक थेंब टपकत होता, साधारण 4,000 थेंबांचं एक लिटर धरतात, दिवसाचे 86,400 सेकंद, करा भागाकार, साडेएकवीस लिटर! तिथेही आतला वॉशर गेला होता. म्हणजे दोन रबरांनी मिळून 30 लिटर, बेसिनच्या एरेटरपेक्षा जास्त, आणि ही गळती तर आमच्याकडे कधीची होती कोण जाणे.

टाकीत पाण्याची बाटली ठेवायची युक्ती सगळे सांगतात, आम्ही एक लिटरची वाळू-पाणी भरून ठेवली, दर फ्लशला लिटरभर कमी, चालतंय. वीट ठेवू नका, विरघळून भुगा होते आणि तो भुगा त्याच रबराखाली अडकतो. आणि टाकी आधीच 6 लिटरची असेल तर बाटलीच्या नादी लागू नका, दोनदा फ्लश करावा लागला तर सगळंच मुसळ केरात. दोन बटणांचा फ्लश मात्र घ्यायचाय पुढेमागे, ती कल्पना ऑस्ट्रेलियातली, 1980 ची, कोरड्या देशालाच सुचायची.

तर स्टार द्यायचेच तर बेसिनच्या साध्या एरेटरला चार, एक कापला तो खोक्यावरच्या 70 साठी. शॉवरला तीन, गीझर साठवणीचा असेल तर अजून अर्धा घाला. स्वयंपाकघरातल्या मान हलवणाऱ्याला दिलेले अडीचसुद्धा आता जास्त वाटतात. घ्यायचाच असेल तर एकच घ्या, ज्या नळाखाली घरचे सगळ्यात जास्त वेळ हात धरून उभे असतात त्याला लावा, पण त्याआधी गळती बघून घ्या.

बादलीच्या नळावरून काढलेला अजून ड्रॉवरमध्ये पडून आहे. त्याचा वॉशर तेवढा कामाला आला, बाहेरच्या बेसिनला बसवला आणि झिरपणं थांबलं.